वरून की खालून?

काचेपासून सुरुवात झाली. तीन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा, प्रत्येक दोन मीटर लांब नि तितकीच रुंद. एकीवर ठरावीक अंतराने पॉलिकार्बोनेटची बटणं चिकटवायची, वर दुसरी काच ठेवायची, कडा गोंदाने बंद करायच्या. मधली फट सगळीकडे सारखी, दोन मिलिमीटरच राहिली पाहिजे. बाहेरून ग्रॅफाइटचा हात द्यायचा, त्यावर दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब चढवायचा आणि फटीतून वायू संथपणे फिरवत ठेवायचा. या वायूत मोठा वाटा आर-१३४एचा, म्हणजे फ्रिजमध्ये भरतात त्याचाच. पेटीचं पूर्ण नाव रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर. प्रयोगशाळेत सगळे ‘आरपीसी’ म्हणतात. शाळा वैजापुरात, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी औरंगाबादेत आणि मग मुंबईला कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, असा मी या पेटीपाशी येऊन पोचलो. कागदावर मी सर्किटचा माणूस. पण ज्या वस्तूचा सिग्नल वाचायचा ती आधी स्वतःच्या हातांनी बांधून बघावी, ही तिथली रीत मला फार मानवली.

या पेटीतून जातो तो म्यूऑन. इलेक्ट्रॉनच्याच कुळातला, पण त्याच्या सुमारे दोनशेपट जड. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेच्या वरच्या थरांत आदळतात, त्यातून म्यूऑन तयार होतात आणि दिवसरात्र आपल्यावर पडत राहतात. समुद्रसपाटीला एका चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक. वायूतून जाताना म्यूऑन थोडे इलेक्ट्रॉन सुटे करतो, विजेच्या दाबाखाली त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि काचेबाहेर बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवर एक बारीकसा स्पंद उमटतो. उंची काही मिलिव्होल्ट, आयुष्य काही नॅनोसेकंद. एका बाजूला ६४ उभ्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला ६४ आडव्या. कुठली उभी आणि कुठली आडवी वाजली, त्यावरून कण कुठून गेला ते कळतं. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर असा स्पंद मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा जेवायला जायचं राहून गेलं. दूर अंतराळात कुठेतरी सुरू झालेल्या घटनेची शेवटची खूण माझ्या टेबलावर उतरली होती, आणि तिचा आकार, उतार, वेळ मला मोजता येत होती.

पण म्यूऑन हे आमचं उद्दिष्ट नव्हतं. आम्हाला हवा होता न्यूट्रिनो, तोही हवेत जन्मलेला. ज्या आदळआपटीत म्यूऑन तयार होतात, तिथेच न्यूट्रिनोही तयार होतात. त्यांना विद्युतभार नाही, वस्तुमान नगण्य, आणि पदार्थाशी त्यांचा संबंध इतका क्वचित येतो की अख्खी पृथ्वी आरपार ओलांडून ते पलीकडे निघून जातात. वैजापूरच्या जमिनीतून सरळ खाली भोक पाडत गेलं तर पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागर लागेल, ईस्टर बेटापासून साधारण नऊशे किलोमीटरवर. तिथल्या हवेत जन्मलेला न्यूट्रिनो आमच्या रानातून, कांद्याच्या वाफ्यातून वर निघतो. त्याने तोवर पावणेतेरा हजार किलोमीटर काटलेले असतात. आपल्याच डोक्यावरच्या हवेतून आलेल्या न्यूट्रिनोने जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर. दोघं एकाच जागी भेटतात, पण दोघांच्या वाटचालीत एवढं अंतर.

सगळं शास्त्र या फरकात दडलेलं आहे. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या ५० हजार टन पाण्याच्या शोधकाने १९९८ मध्ये दाखवून दिलं की, खालून येणारे म्यूऑन-न्यूट्रिनो वरून येणाऱ्यांच्या जवळपास निम्मेच भरतात. लांबच्या वाटेत ते आपली जात बदलतात, आणि जात बदलायची तर वस्तुमान असावंच लागतं. ताकाकी काजिता यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल आर्थर मॅकडोनाल्ड यांच्यासोबत मिळालं. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेचा, म्हणजे आयएनओचा, ‘आयकॅल’ हा शोधक पुढचा प्रश्न विचारणार होता: न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा चढता क्रम कोणता? पृथ्वीच्या पोटातून जाताना न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्यावर वेगवेगळा परिणाम होतो. त्यांना वेगळं ओळखायचं तर त्यांच्यापासून निघालेला म्यूऑन धन की ऋण ते कळायला हवं. म्हणून शोधक चुंबकाचा. ५१ हजार टन लोखंड, ५.६ सेंटिमीटर जाडीच्या पत्र्यांचे १५१ थर, प्रत्येक दोन थरांत चार सेंटिमीटरची फट आणि त्या फटींमधून आमच्या काचेच्या २८,८०० पेट्या. पट्ट्यांचा हिशेब केला तर ३६ लाखांच्या वर जातो. इतक्या तारांवर एकाच वेळी कान ठेवायचा.

यात माझ्या वाट्याला आला होता वेळ. लोखंडाचा एक थर आणि एक फट मिळून ९.६ सेंटिमीटर. प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारा म्यूऑन हे अंतर सुमारे ०.३२ नॅनोसेकंदात कापतो. आमच्या पेटीची वेळेची अचूकता एका नॅनोसेकंदाच्या घरातली. म्हणजे लागून असलेल्या दोन पेट्या पाहून कण वर चालला की खाली, हे सांगता येत नाही. दहा थर घेतले तर तीन नॅनोसेकंद हाताशी येतात. सगळ्या थरांच्या वेळा मांडून त्यांमधून रेषा काढली की तिचा कल बोलतो. आणि तो कल चुकला तर प्रशांत महासागरावरून आलेला पाहुणा आणि डोक्यावरचा शेजारी यांची सरमिसळ होते, मग अख्ख्या प्रयोगाला अर्थ उरत नाही.

एवढ्या बारीक वेळेत काहीही आड येतं. दोन मीटरच्या पट्टीत सिग्नलला टोकापासून टोकापर्यंत जायलाच दहाएक नॅनोसेकंद लागतात. तेव्हा आडव्या पट्टीवरून ठिकाण काढायचं आणि उभ्या पट्टीच्या वेळेतून तेवढा प्रवास वजा करायचा, उलटही तसंच. स्पंद उंच असेल तर तो उंबरठा लवकर ओलांडतो, बुटका असेल तर उशिरा; त्याचीही दुरुस्ती. केबलची लांबी, बोर्डाचं तापमान, प्रत्येक वाहिनीचा स्वभाव. सिग्नल मोठा करून त्याला धारदार कड देणारी ‘निनो’ चिप सर्नमध्ये दुसऱ्या प्रयोगासाठी घडवलेली होती. वेळ मोजणारी चिपही तिथलीच. याच कामासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुस्पर्श’ नावाची आपली चिप तयार केली. त्या नावाचं मला अजून कौतुक वाटतं. मागे एफपीजीए, म्हणजे लागेल तशी आतली जोडणी बदलता येणारी चिप, आणि तिथून इथरनेटने माहिती बाहेर. हे सगळं पेटीच्या कोपऱ्यात, हाताच्या पंजापेक्षा थोड्याच मोठ्या जागेत बसवायचं, कमी विजेवर चालवायचं आणि वर्षानुवर्षं डोंगराच्या पोटात न कुरकुरता चालू ठेवायचं.

शिवाय गोंगाट. तीन सेंटिमीटर रुंद, दोन मीटर लांब पट्टीवर म्यूऑनच सेकंदाला दहाएक येतात. त्याखेरीज पेटी आपली आपण कितीतरी वेळा वाजते. पावसाळ्यात मुंबईची दमट हवा असली की जास्तच. यातलं खरं कुठलं, हे ट्रिगर ठरवतो. सरला बेटाच्या सप्ताहात लाखोंच्या गर्दीत कुठेतरी एखादा टाळ कधीही किणकिणतो, तिकडे कोणी मान वळवत नाही. पण सगळे टाळ एका मात्रेवर पडले की लांबच्या शेतातल्या माणसालाही भजन सुरू झाल्याचं समजतं. आमचा ट्रिगर तेच करतो. एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढ्या खिडकीत लागोपाठचे अनेक थर वाजले, तरच नोंद करायची.

या कामात असताना जुन्या लोकांकडून कोलारच्या सोन्याच्या खाणीचं फार ऐकायला मिळालं. १९६० च्या दशकात टाटा संस्थेच्या लोकांनी तिथे वेगवेगळ्या खोलीवर म्यूऑन मोजले. खोल जावं तसे ते कमी होत गेले आणि सगळ्यात खालच्या पातळीवर सुमारे दोन महिने थांबूनही एक मिळेना. दुसऱ्या कोणी याला अपयश म्हटलं असतं. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम यांनी ओळखलं की, न्यूट्रिनोसाठी याहून शांत जागा मिळणार नाही. जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅमच्या गटांना बरोबर घेऊन त्यांनी २.३ किलोमीटर खोलीवर शोधक उभे केले आणि १९६५ मध्ये हवेत जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण मिळवली. शोधनिबंध १५ ऑगस्टच्या अंकात छापून आला. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत काम करणाऱ्या राइन्स यांच्या गटाचा त्यानंतर, त्याच महिन्याअखेर. खाण बंद पडत चालली, तसे कोलारचे प्रयोग १९९२ मध्ये थांबले. आयएनओ हे त्या खंडित वारशाचं पुढचं पान होतं.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, जागा तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, पोट्टिपुरम गावाजवळच्या डोंगरात. चहूबाजूंनी किमान एक किलोमीटर खडक हवा, म्हणजे म्यूऑनचा मारा सुमारे दहा लाखपट कमी होतो. त्यासाठी दोनेक किलोमीटरचा बोगदा. आणि तिथून विरोध, न्यायालयं, हरित लवाद, पुन्हा न्यायालय. २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की, पश्चिम घाटातल्या त्या जागी प्रकल्प नको.

त्या दिवसांत सुट्टीवर घरी आलो होतो. रोटेगाव स्टेशनवर तात्या, माझे चुलते, घ्यायला आले होते. संध्याकाळी चाळीत कांदा निवडता निवडता त्यांनी विचारलं, “ते तामिळनाडूवाले शेतकरी कशापायी भांडू राहिले रे तुमच्याशी?”

मी सांगितलं. न्यूट्रिनो आत्ताही आपल्या अंगातून जात आहेत, ते कोणाला काही करत नाहीत, आम्ही ते बनवणार नाही, नुसते मोजणार. तात्यांनी मान हलवली. “ते पटलं. पण सुरुंग लावणार ना?”

“बेताने लावणार, तात्या. खडक चार्नोकाइटचा आहे, एकसंध.”

“खडक एकसंध का फुटका, ते आत गेल्यावर कळतं. आपल्या हिरीचा पाझर शेजारच्या बोअरने कुठं गेला, सांगितलं का कोणी अजून?”

आमच्या तालुक्यात हा प्रश्न टाळून कोणी पुढे जाऊ शकत नाही. नांदूर-मधमेश्वर कालव्याचं आवर्तन कधी सुटतं, टँकर कोणत्या वस्तीला आला, यावर इथल्या घराचं वर्ष ठरतं. थेनीच्या शेतकऱ्याला मी पाहिलेलं नाही, पण त्याची भीती मी लहानपणापासून ओळखतो. त्या वादात दोन भीती एकत्र झाल्या होत्या. न्यूट्रिनोची भीती निराधार होती, आणि ती विनाकारण पसरवली गेली याचं मला दुःख आहे. पाण्याची भीती मात्र खरी होती. तिला उत्तर द्यायचं तर आम्ही शास्त्राच्या माणसांनी नॅनोसेकंदासाठी जेवढी काटेकोरपणे मापं घेतली, तेवढीच तिथल्या विहिरींचीही घ्यायला हवी होती: कामाच्या आधी काही वर्षं, दर ऋतूला, गावकऱ्यांच्याच हातून, आकडे गावच्या चावडीवर लावून. हा शोधक देशात व्हावा असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. आणि म्हणूनच हे लिहितो आहे.

काम थांबलं नाही. मदुराईला ८५ टनांचा ‘मिनी-आयकॅल’ २०१८ पासून चालू आहे: लोखंडाचे ११ थर, मध्ये आमच्या पेट्या, भोवती तांब्याची वेटोळी. जमिनीवरच असल्यामुळे त्याला न्यूट्रिनो सापडायचे नाहीत, पण म्यूऑन वाटेल तेवढे. पेट्या, चिपा, ट्रिगर, वेळेच्या दुरुस्त्या, जे काही कुलाब्याच्या टेबलावर जमलं होतं ते तिथे खऱ्या लोखंडात कसाला लागलं. त्याच शोधकाभोवती आता प्लास्टिक सिंटिलेटरच्या, म्हणजे कण आरपार गेला की क्षणभर चमकणाऱ्या, पट्ट्यांचं कवच बांधण्याचं काम आहे. बाहेरून आत येणारा प्रत्येक म्यूऑन या कवचाने ओळखायचा आणि हिशेबातून बाद करायचा, लक्ष्य ९९.९९ टक्के, म्हणजे दहा हजारांत फार तर एक निसटलेला चालेल. हे साधलं तर न्यूट्रिनो शोधक एक किलोमीटर खडकाखाली नेण्याची गरज उरणार नाही. शंभरेक मीटर पुरतील, अशी मांडणी आहे.

पुढच्या खेपेला हे मी तात्यांना सविस्तर सांगितलं, कवचाचं चित्र काढून.

“शंभर मीटर म्हंजे किती फूट?”

“सव्वातीनशे.”

“आपला बोअर त्याच्याहून खोल गेलाय,” तात्या म्हणाले. मग थोड्या वेळाने, “अन् तो दहा हजारातला एक निसटला, तर?”

तोच तर पकडायचा आहे, मी म्हटलं, आणि पट्टीच्या टोकाला बसवलेला प्रकाशमापक एकेक फोटॉन कसा मोजतो ते दाखवायला दुसरा कागद घेतला.