साचा एक, चेहरे बेचाळीस

घरात माळ्यावर लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट असेल, तर आई-बाबांना तिच्याबद्दल विचारा. आमच्या कल्याण-डोंबिवलीत दोन वेगळ्या लग्नांत तोच बदाम आणि तीच उडणारी फुलं दिसायची. आत नवरा-नवरी तेवढे निराळे! ‘मिक्सिंग’वाल्यांची ही जुनी युक्ती. आजही एडियस या सॉफ्टवेअरसाठी तयार ‘प्रोजेक्ट’ मिळतात; रिकाम्या चौकटीत आपले फोटो घालायचे.

आमच्या चौथीच्या निरोप समारंभाला मी हेच केलं. मुलं ४२. प्रत्येकाला ५ सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ. प्रत्येकाचे थर चार: मागचा रंग, रांगोळीची किनार, फोटो आणि नावाची पट्टी. एकेक मांडायला बसलं तर १६८ तुकडे होतात! म्हणून एकाच मुलाचं नीट सजवायचं आणि चारही थर एकत्र बांधायचे. अशा गाठोड्याला काही सॉफ्टवेअरमध्ये ‘नेस्ट’ म्हणतात, म्हणजे घरटं. छान नाव, नाही का?

पण इथे एक गंमत आहे बरं का! घरटं नुसतं पट्टीवर पुढे-पुढे चिकटवत गेलात, तर ती सगळी एकच घरटी असतात. एकात फोटो बदलला की ४२ ठिकाणी तोच चेहरा! त्यामुळे आधी फायलींच्या यादीत त्याची वेगळी प्रत काढायची. मग आतला फोटो पुसायचा नाही, ‘रिप्लेस’ करायचा. पुसला तर त्याला दिलेली हालचालही पुसली जाते. आणि सगळे फोटो आधीच एका मापाचे कापून ठेवायचे, नाहीतर कुणाचं कपाळ तुटतं, कुणी पार कोपऱ्यात जातं.

एवढं करूनही प्रत्येक चेहरा डोळ्यांनी पाहावाच लागतो. पेणचे मूर्तिकार गणपती साच्यातून काढतात, पण डोळ्यांची आखणी हातानंच करतात ना, तसंच हे.

आता १७ नंबर. हा मुलगा दिवाळीनंतर आईवडलांबरोबर वीटभट्टीवर गेला. जानेवारीत फोटो काढले तेव्हा तो नव्हता. “बाई, ४१ चालतील की,” एकजण म्हणाला. वर्ग गप्प झाला. हजेरीपटात त्याचं नाव होतंच की!

शोधल्यावर तिसरीतल्या खेळांचा एक गटफोटो मिळाला. त्यात त्याचा चेहरा वाटाण्याएवढा. चौकटभर मोठा केला, तर नुसते ठोकळे दिसत. मग त्याच्या घरट्यात चौकटच रुंद केली, लंगडीचा सगळा संघ आत येऊ दिला आणि त्याच्याभोवती एक पिवळं वर्तुळ काढलं. खाली त्याचं पूर्ण नाव. वेळ सगळ्यांना तेवढाच त्यालाही, ५ सेकंद.