पाच मिनिटांपासून

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधीचे पंधरा दिवस शिवणकाम करणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. वर्ध्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी दोन मशीन आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या त्या जूनमध्ये मी सकाळी सातला पायमशीनवर बसायची, ती रात्री दहाला उठायची. गणवेशांचा ढीग सरत नव्हता. एका संध्याकाळी खाली पडलेली कात्री उचलायला वाकले आणि कमरेत अशी चमक निघाली की सरळच होता येईना. मुलीनं आणि ह्यांनी धरून मला पलंगावर नेलं.

डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला. हाडात दोष नाही, स्नायू आखडलेत, एका जागी फार बसू नका, असं सांगितलं. गोळ्यांनी चमक गेली, पण ताठरपणा मुक्कामाला राहिला. सकाळी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावं लागे. देवापुढे वाकता येईना. उकिडवं बसून भाजी चिरणं तर सुटलंच. वय शेहेचाळीस, आणि चाल सत्तरीची झाली होती.

कुणीतरी म्हणालं, योग करा. मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला आणि पहिल्याच दिवशी पश्चिमोत्तानासन करायला बसले. त्यातली मुलगी पायाचे अंगठे धरत होती, म्हणून मीही ओढून ओढून धरायला गेले. तिसऱ्या दिवशी दुखणं कमरेतून डाव्या मांडीपर्यंत उतरलं. सतरंजी गुंडाळून ठेवली. योग आपल्यासाठी नाही, असं मनानं घेतलं.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. मी त्यांना मावशी म्हणते. तरुणपणी नागपूरला असताना त्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात शिकल्या. जनार्दनस्वामींनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या त्या मंडळात योग विनामूल्य शिकवतात. माझी हकीकत ऐकून मावशी म्हणाल्या, “काऊन व, घाईनं कापलं तं कापड वाया जाते ना? मंग अंगाशी काऊन घाई?” मग म्हणाल्या, “रविवारी चाल माझ्यासंगं पवनारला.”

पवनार आमच्यापासून काही किलोमीटरवर, नागपूर रस्त्याला. इतक्या वेळा तिथून गेले होते, पण धाम नदीच्या काठी निवांत बसले ती त्या दिवशी पहिल्यांदा. मावशींनी विनोबा भावे यांची गोष्ट सांगितली. मार्च १९३८ मध्ये विनोबा इथे आले तेव्हा त्यांची तब्येत पार खालावली होती, वजन ४० किलोच्या आसपास उतरलं होतं. इथल्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात त्यांनी विश्रांती घ्यावी, असं सगळ्यांचं म्हणणं. विनोबांनी मात्र कुदळ हातात घेतली. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं खोदलं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. मध्ये थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा खोदायचं. असं वाढवत वाढवत ते दोन तासांवर गेले, आणि काही महिन्यांत अंग भरून आलं. त्याच खोदकामात जमिनीतून जुनी शिल्पं निघाली. भरत-राम भेटीचं शिल्प आजही इथल्या त्यांच्या आश्रमात आहे, ते मी त्या दिवशी डोळे भरून पाहिलं. “एवढा तपस्वी माणूस पाच मिनिटांपासून सुरू करते,” मावशी म्हणाल्या, “आपण एकदम अंगठे धराले जातो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी सतरंजी पुन्हा अंथरली. मावशींनी सांगितलं तेवढंच केलं. आधी पाठीवर झोपून, गुडघ्यांखाली लोड ठेवून, नुसता श्वास पाहायचा. हा लोड मी शिवणातल्या उरलेल्या तुकड्यांनी भरून शिवला होता. मग एकेक गुडघा हातांनी पोटाकडे आणायचा, दुसरा पाय वाकलेलाच ठेवायचा. मग दोन्ही हात-गुडघे टेकून मार्जारासन: श्वास सोडताना पाठ वर, घेताना हळूच खाली. पाच मिनिटं झाली की उठायचं, आणखी करावंसं वाटलं तरी उठायचं.

आठवडाभरानं पाचाची सात झाली, मग दहा, पुढे हळूहळू वीस. सेतुबंधासन आलं. भुजंगासन कोपरांवर, छाती जमिनीपासून वीतभरच वर. मांडीच्या मागच्या शिरा फार आखडल्या होत्या. त्यासाठी मी पलंगाच्या नवारीचा पट्टा शिवला. पाठीवर झोपून तो तळपायाला अडकवायचा आणि पाय जमेल तेवढाच वर न्यायचा. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची यांचा आधार घेऊन आसनं करायची रीत घडवली, हे मला नंतर कळलं. आधार घेणं म्हणजे आसन कच्चं नाही, हे मनाशी पक्कं झालं. पतंजलींनीही आसनाची खूण स्थिरता आणि सुख हीच सांगितली आहे. मी पहिल्यांदा केलं त्यात या दोन्हींतलं काहीच नव्हतं.

माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिनं मला समजावलं की दोन मणक्यांमधल्या गादीला मोठ्या वयात थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आजूबाजूच्या द्रवातून तिचं पोषण होतं आणि त्याला हालचाल मदत करते. तासन्‌तास बसलं की जांघेतले स्नायूही आखडतात आणि उभं राहताना कमरेला ओढून धरतात. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनं जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांत योगाचं नाव घातलं, हेही तिनंच सांगितलं. मावशींचं आणि मुलीचं शास्त्र एका जागी येतंय हे पाहून मला धीर आला.

पण सकाळच्या वीस मिनिटांनी दिवसभराचं बसणं भरून निघत नाही. म्हणून मी कामाची रीत बदलली. स्टूल बदललं, आता तळपाय पायडलवर पूर्ण टेकतात. एक ब्लाऊज झाला की उठायचं, ताडासनात उभं राहायचं, दारापर्यंत जाऊन यायचं. कापणं आता ओट्याएवढ्या उंच टेबलावर, उभ्यानं.

दुखणं एका रात्रीत गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठताना हात टेकावा लागला नाही. दोन महिन्यांनी पोळ्याच्या दिवशी वाकून बैलांच्या पायांवर पाणी घातलं आणि सरळ उभी राहिले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मध्ये दोनदा दुखणं परतलं, दोन्ही वेळा सराव सुटला होता म्हणून. तेव्हा मी पुन्हा पाच मिनिटांवर आले, जोर केला नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, म्हणून तेव्हा पाचच्या आत गच्चीवर सतरंजी पडते. थंडीत सुरुवातीचं हलवणं दुप्पट वेळ करते, कारण गार अंग लवकर सैल होत नाही.

गेल्या तीन जूनमध्ये गणवेश तेवढेच शिवले, पण कंबर धरली नाही.

माझ्यासारख्या मशीनवर, शेतात, ऑफिसात कंबर मोडून काम करणाऱ्या बायांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आधी डॉक्टरांना दाखवा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, पडल्यामुळे दुखत असेल, ताप असेल किंवा वजन कारण नसताना उतरत असेल तर आसनांच्या नादी न लागता ताबडतोब दवाखाना गाठा. तसं काही नसेल तर जाणत्या माणसाकडून चार गोष्टी शिका. घरातली सतरंजी पुरते, महागडं काही लागत नाही. आणि उद्या पहाटे पाच मिनिटं करा, सहावं मिनिट परवासाठी ठेवा.