आडमोसमातले बेट

जून महिन्यात मॉरिशसला जाऊ नये, असे प्रवासाच्या धंद्यातली माणसे सांगतात. आणि म्हणूनच आमच्यासारख्यांना जून महिन्यात मॉरिशसला जाता येते. नोव्हेंबर-डिसेंबरात ज्या हॉटेलचे एका रात्रीचे भाडे ऐकून बँकेतल्या माणसालाही घाम फुटावा (आमचे हे बँकेतच आहेत, म्हणून मला ठाऊक), तेच हॉटेल या दिवसांत जवळजवळ निम्म्या दरावर येते. लग्नाला वीस वर्षे झाली या निमित्ताने ह्यांनी मनाचा हिय्या केला. माझे कॉलेज उघडायला अजून बारा दिवस होते. मुंबईहून सहा-साडेसहा तासांत आम्ही प्लेझान्सच्या विमानतळावर उतरलो आणि घड्याळे दीड-दीड तास मागे केली.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला जूनमध्ये हिवाळा असतो, हे आपण शाळेत भूगोलाच्या पेपरात लिहिलेले असते. अंगावर काटा येईपर्यंत ते खरे वाटत नाही. थंडी अशी फार नव्हे, आपल्या पुण्याच्या दिवाळीइतकीच. पण मी समुद्रकिनारी जायचे म्हणून पातळ सुती साड्या भरल्या होत्या, आणि एकुलती एक शाल पेटीच्या तळाशी होती.

आमचे हॉटेल पूर्व किनाऱ्यावर, बेल मारला. शंभरावर खोल्या आणि पाहुणे मोजून वीस-पंचवीस. न्याहारीला जावे तर पाहुण्यांपेक्षा वाढपीच अधिक. एकाने खुर्ची ओढायची, दुसऱ्याने पाणी ओतायचे, तिसऱ्याने सहज चौकशी करायची. लग्नघरी वऱ्हाड यायच्या आधी चुकून पोचलेल्या पाहुण्यासारखी आमची अवस्था झाली. ह्यांनी पहिल्या दिवशी पावाचे नऊ प्रकार मोजले आणि चार दिवसांत ते सगळे चाखून होतील असा हिशेब मांडला. पोहण्याच्या तलावाकाठी एक वृद्ध जर्मन जोडपे गळ्यापर्यंत चादरी घेऊन पुस्तके वाचत बसलेले असे. रात्री 'सेगा' नाचाचा कार्यक्रम झाला. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी या बेटावर जन्माला घातलेला हा नाच. तो बारा प्रेक्षकांसमोर, भरजरी झगे घालून, घड्याळ लावून केलेला पाहताना मला बरे वाटले नाही. रविवारी जवळच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या बनात स्थानिक कुटुंबे बिर्याणीची भांडी घेऊन आली होती. तिथे एका आजीबाईंनी त्याच तालावर वाळूत चार पावले टाकली, ती अधिक खरी होती.

आणि वारा! तो सकाळी उठायच्या आधी सुरू झालेला असे आणि आम्ही निजलो तरी थांबत नसे. किनाऱ्यावरच्या खुर्च्या दोरीने बांधलेल्या. छत्र्या मिटलेल्या. अर्ध्या मैलावर प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटून पांढरी रेघ उमटे, आणि अलीकडचे उथळ पाणी मात्र हिरवे-निळे, केवळ शहारत राहणारे. या वाऱ्यामुळेच पूर्व किनाऱ्यावर या दिवसांत गिऱ्हाईक येत नाही, असे व्यवस्थापकांनी जरा ओशाळून सांगितले. जणू वारा त्यांनीच सोडला होता.

पण या वाऱ्याबद्दल त्यांनी ओशाळायचे काही कारण नव्हते. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या तीन बेटांना मिळून मास्करीन बेटे म्हणतात. आपल्या उन्हाळ्याच्या अखेरीस या बेटांच्या दक्षिणेला समुद्रावर हवेचा मोठा दाब तयार होतो. हवामानशास्त्रात त्याला 'मास्करीन हाय' असेच नाव आहे. तिथून निघालेला हा आग्नेय वारा वर सरकत विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ उजवीकडे वळतो, आणि अरबी समुद्रावरून पाणी पिऊन नैऋत्येकडून कोकणावर चढतो. म्हणजे बेल मारला माझ्या शालीचा पदर ओढणारा वारा आणि चिपळूणला सासूबाईंच्या पागोळ्या वाहवणारा पाऊस ही एकाच घराण्यातली मंडळी. बेल मारचा आडमोसम तोच आपला मृगाचा मोसम.

तिसऱ्या दिवशी आम्ही हॉटेलच्या फाटकाबाहेर पडलो आणि लक्षात आले, की आडमोसम फक्त फाटकाच्या आत आहे. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, रुपेरी तुरे आलेला, वाऱ्यावर एका अंगाला झुकलेला. ऊसतोडीचा हंगाम जूनमध्येच सुरू होतो आणि वर्षअखेरीपर्यंत चालतो. फ्लाकच्या बाजूला कारखान्याची चिमणी दिसत होती. एके काळी बेटावर असे पुष्कळ कारखाने होते. आता तीनच उरले आहेत, आणि बंद पडलेल्यांच्या दगडी चिमण्या शेतांतून एकट्याच उभ्या आहेत. हा ऊस डच लोकांनी १६३९ मध्ये प्रथम आणला. त्यांच्याच अमदानीत डोडो पक्षी नाहीसा झाला. पुढे फ्रेंच आले, मग इंग्रज, आणि प्रत्येकाने ऊस वाढवला.

उसाच्या फडात मधूनमधून काळ्या दगडांचे ढीग दिसतात, काही तर दुमजली घराएवढे. नवख्याला वाटते, जुनी देवळे असावीत. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले. जमिनीत जिथे पहार घालावी तिथे काळा दगड. ऊस लावण्यासाठी तो दगड माणसांनी हातांनी उपसला आणि जागच्या जागी रचून ठेवला. ती माणसे आधी गुलाम होती. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. पण त्याच्या थोडे आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अ‍ॅटलास' जहाजातून छत्तीस हिंदी मजूर कलकत्त्याहून इथे येऊन पोचले होते. करारावर आणलेले मजूर. 'अ‍ॅग्रीमेंट'चे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे अशी आली: कलकत्त्याहून, मद्रासेहून आणि मुंबईहून. मुंबईहून आलेल्यांत मोठा भरणा कोकणातल्या माणसांचा.

पोर्ट लुईला त्यांचा धक्का आहे, 'आप्रवासी घाट'. २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आहे. मी मोठे काही पाहायला मिळेल म्हणून गेले. तिथे सोळा दगडी पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेला प्रत्येक माणूस या सोळा पायऱ्या चढून वर आला. इतकेच. ह्यांनीसुद्धा तिथे काही मोजले नाही.

परत आल्यावर मी खोलीच्या ओसरीत बसून वर पाहिले. छप्पर गवताचे होते. हॉटेलच्या पुस्तिकेत त्याचे मोठे कौतुक होते. ते गवत नव्हते, उसाचे पाचट होते. गिरमिटियांच्या झोपड्याही पाचटानेच शाकारलेल्या असत.

याच ओसरीतून मी संध्याकाळी चिपळूणला फोन केला. ‘पाऊस लागला का हो?’ असे मी जरा मोठ्यानेच विचारले, कारण वारा होता आणि सासूबाईंना ऐकू कमी येते. ‘लागला, कालपासून’ असे उत्तर आले. फोन ठेवून वळते, तो खोली आवरायला येणारी बाई टॉवेलांची चळत घेऊन दारात उभी. वय पस्तिशीचे. आतापर्यंत ती ‘बाँजूर, मादाम’ याखेरीज काही बोलली नव्हती.

‘मादाम, तुम्ही मराठी आहात?’

एकेक शब्द पाठ्यपुस्तकातून उचलून ठेवल्यासारखा. मी म्हटले, हो, आणि तुम्ही? ती हसली. ‘घरी क्रिओल. शाळेत मराठी. देवासमोर मराठी.’

मॉरिशसच्या प्राथमिक शाळांतून मराठी शिकवतात आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यापुढचे शिक्षणही होते, हे मला माहीत होते. गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते, हेही. तिथले लोक सांगतात, की हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये पहिला गणपती निघाला. म्हणजे पुण्यात लोकमान्यांच्या प्रेरणेने गणपती चौकात आल्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. आपला जाखडी नाच तिथे 'झाकरी' या नावाने जिवंत आहे. ही सगळी माहिती माझ्याजवळ व्याख्यानाला पुरेल इतकी होती. माझ्यासमोर मात्र आरती तोंडपाठ असलेली, पण तिच्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसलेली एक बाई टॉवेल घेऊन उभी होती. खरे सांगायचे तर आरतीतल्या किती शब्दांचा अर्थ माझ्या वर्गातल्या मुलांना येतो, हे मी कधी विचारून पाहिलेले नाही.

मग रोज खोली आवरताना थोडे बोलणे होई. तिचा नवरा उसाच्या ट्रकवर. ‘त्याचा मोसम आता. माझा नाही,’ ती म्हणाली. हॉटेल रिकामे, म्हणून जास्तीचे तास नाहीत. फड सुरू, म्हणून नवरा रात्री उशिरा घरी. एका घरात दोन मोसम, आणि ते एकत्र कधी येत नाहीत. तिच्या छातीवरच्या पट्टीवरचे नाव फ्रेंच वळणाचे होते, आणि आडनाव म्हणजे कुणा पूर्वजाचे नाव. तिथे असेच झाले आहे: धक्क्यावरच्या कारकुनाने उतरणाऱ्याचे नाव लिहून घेतले, आणि भिवाजी आला असेल तर त्याची सगळी प्रजा भिवाजी झाली.

निघायच्या आदल्या दिवशी तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. मोक्याच्या त्या संस्थेत गिरमिटियांची दफ्तरे जपून ठेवलेली आहेत. तिथून तिच्या वडिलांनी पूर्वजाच्या नोंदीची नक्कल मिळवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची नोंद. क्रमांक. बापाचे नाव. वय बावीस. उंची पाच फूट दोन इंच. उजव्या गालावर देवीचे वण. जिल्हा रत्नागिरी, तोही वेड्यावाकड्या स्पेलिंगात. आणि गाव.

‘मादाम, तुम्ही प्रोफेसर. हे गाव कुठे आहे?’

वडील हयात असेपर्यंत तेच विचारीत होते, असे ती म्हणाली. एकदा जाऊन यावे म्हणून ते पैसे साठवीत होते. तेही नाहीत आता. पैसे घराच्या स्लॅबला लागले.

मी कागद खिडकीशी नेला. कारकुनाची तिरकी इंग्रजी अक्षरे. 'कोंड' एवढे स्वच्छ, पुढची दोन अक्षरे शाईत बुडालेली. कोंडगाव? कोंडिवरे? कोंडिवली? कोंडये? ही सगळी गावे कोकणात आहेत, आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्हा पार गोव्याच्या हद्दीपर्यंत होता. पण मला अधिक भीती वाटली ती निराळीच. कोकणात 'कोंड' म्हणजे मूळ गावापासून बाजूला, डोंगराच्या कुशीत वसलेली वस्ती, वाडीसारखी. मुंबईच्या बंदरात कारकुनाने विचारले असेल, ‘गाव कुठला?’ आणि बावीस वर्षांच्या त्या पोराने घरी सांगावे तसे सांगितले असेल, ‘कोंडावरचा.’ घरापासून तोडून नेलेल्या माणसाला तेवढे उत्तर पुरेसे वाटते. त्याचा कोंड एकच होता.

एखादे गाव ठामपणे सांगून टाकावे, असे क्षणभर मनात आले. कोण पडताळणार होते? पण पंधरा वर्षे मुलांना शब्दाचे अर्थ सांगत आल्यावर ते जमेना. मी तिला सगळे सांगितले: कोंड म्हणजे काय, ते गावाचे नाव का नसू शकेल, आणि त्यापलीकडे मला का सांगता येत नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती.

‘कोंद,’ ती म्हणाली.

‘कोंड. ड. जीभ वर लावायची.’

‘कोंद... कोंड.’

क्रिओल बोलणाऱ्या जिभेला हा 'ड' सहज येत नाही. तिने पाच-सहा वेळा म्हटला. मग पिशवीतून पेन काढून दिले आणि नकलेच्या पाठीमागे देवनागरीत लिहून मागितले. मी मोठ्या अक्षरात 'कोंड' लिहिले आणि खाली चार गावांची नावे, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. तिने ते वाचले, शाळेतल्यासारखे, अक्षरावर बोट ठेवून.

‘चारही गावांत पाऊस आहे आता?’

‘चारही गावांत,’ मी म्हटले. तेवढे मला खात्रीने सांगता आले.

कागद पिशवीत गेला. मी म्हटले, आज तरी जरा बसा, बाजूच्या खोल्या तर रिकाम्याच आहेत. तिने मान हलवली. रिकाम्या खोल्याही रोज झाडाव्या लागतात. वाऱ्याने दाराखालून वाळू आत येते. तिने झाडू उचलला आणि पलीकडचे दार उघडले.