कर्ल पाठव

ब्राउझर नसतानाही वेबसाइटशी बोलता येतं, हे मला इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये कळलं. सरांनी काळ्या खिडकीत टेलनेट लावलं, पोर्ट ८० दिला, 'गेट'ची एक ओळ हातानं टाइप केली आणि दोनदा एंटर मारला. दुसरा एंटर म्हणजे रिकामी ओळ. ती पोचल्याशिवाय सर्व्हर तुमचं बोलणं संपलं असं धरत नाही. मग पडद्यावर '२०० ओके' उमटलं, खाली हेडरच्या काही ओळी, आणि त्यानंतर पान. मला पानापेक्षा त्या वरच्या ओळींचंच अप्रूप वाटलं. एवढं सगळं ब्राउझर गुपचूप गिळत होता तर!

एचटीटीपीएसनं हा हातानं बोलण्याचा खेळ बंद पाडला. पुण्यात टेस्टिंगच्या नोकरीला लागले तेव्हा त्या जागी कर्ल हे टर्मिनलमधून विनंत्या पाठवायचं साधन आलं. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गला १९९६ साली एका चॅट-बॉटसाठी चलनांचे दर वेबवरून आणायचे होते. त्यानं ब्राझीलच्या राफाएल सागुलाचं 'एचटीटीपीगेट' हे इवलंसं साधन घेतलं आणि वाढवत नेलं. मार्च १९९८मध्ये ते कर्ल या नावानं बाहेर पडलं. दर आणायला निघालेला माणूस अजून त्याच्याच मागे आहे, दर आठेक आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते.

माझा जीव जडला तो त्याच्या 'डॅश व्ही' या पर्यायावर. ते लावलं की आपण पाठवलेल्या हेडरच्या ओळींपुढे > हे चिन्ह येतं, सर्व्हरकडून आलेल्यांपुढे <, आणि कर्लच्या स्वतःच्या शेऱ्यांपुढे *. मोबाइलची टीम म्हणणार सर्व्हर बिघडलाय, सर्व्हरवाले म्हणणार तुमचं ॲप चुकीचं बोलतंय. अशा वेळी हा पंचनामा समोर ठेवायचा. ऑथरायझेशनचा हेडर गेलाच नसेल, तर > च्या ओळींत तो दिसणार नाही. ४०१ आला यात मग सर्व्हरचं काय चुकलं?

पण आकड्यांवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नये. आत 'एरर' लिहून बाहेर २०० पाठवणाऱ्या एपीआयवर माझा खास राग आहे. तो सरळसरळ खोटेपणा आहे, मग डिझाइनच्या नावाखाली त्याचं कितीही समर्थन होवो. कर्लचीही एक खोड आहे. ४०४ आला तरी 'उत्तर मिळालं ना' म्हणून ते शून्य हा यशाचा एक्झिट कोड देतं. 'डॅश डॅश फेल' लावलं तरच ते २२ देऊन अपयश कबूल करतं. स्क्रिप्टमधून रात्रभर तपासण्या चालवणाऱ्यानं हे पाठच करावं. आणखी एक: 'डॅश डी'नं डेटा दिला की विनंती आपोआप पोस्ट होते. वर पुन्हा 'डॅश एक्स पोस्ट' लिहिण्याची सवय जिथेतिथे दिसते. एरवी ती निरुपद्रवी, पण सोबत सर्व्हर धाडेल तिकडे जाणारा 'डॅश एल' असेल आणि सर्व्हरनं ३०२ देऊन दुसरीकडे धाडलं, तर तिथंही पोस्टच जाऊन आदळते.

मधली काही वर्षं पोस्टमन या एपीआय तपासायच्या ॲपमध्ये गेली. ते सोयीचं आहे, बंगळुरूतून वाढलेलं म्हणून थोडा अभिमानही वाटतो. शेकडो विनंत्या नीट लावून ठेवायला मी आजही तेच उघडते. भांडण लागलं की मात्र टर्मिनल.

आता टीममध्ये मुलंमुली 'चालत नाहीये' एवढंच लिहितात आणि खाली स्क्रीनशॉट चिकटवतात. माझं उत्तर ठरलेलं: "कर्ल पाठव." ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या यादीत विनंतीवर राइट-क्लिक केलं की ती कर्ल म्हणून कॉपी करता येते, हे एकदा दाखवावं लागतं. बरेचदा कर्ल येतच नाही. थोड्या वेळानं येतो तो "मॅडम, सापडलं" असा निरोप. आणि आलंच, तर त्यात कुकी आणि टोकन जसेच्या तसे असतात, तेही चाळीसजणांच्या ग्रुपवर. मग आधी तो मेसेज काढायला लावायचा, टोकन रद्द करायचं, नवं घ्यायचं, आणि त्यानंतर मूळ तक्रारीकडे वळायचं.