पाय कापताना रक्त कसं वाचवतो?

"डॉक्टर, रक्ताच्या किती बाटल्या लागतील?" मधुमेही रुग्णाचा पाय काढावा लागेल असं सांगितलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. (आता पिशव्या असतात, शब्द मात्र बाटलीच राहिला.) पूर्वी मी सवयीने "दोन-तीन तयार ठेवा" म्हणायचो. आता आधी फाईल उघडतो.

कारण एक काका. वय 64, वीस वर्षांची शुगर, टाचेपासून घोट्याच्या वर चढलेलं गँगरीन. किडनी अधू, त्यामुळे हिमोग्लोबिन मुळातच 8. हृदयात स्टेंट, म्हणून क्लोपिडोग्रेल चालू. या गोळीचा परिणाम ओसरायला पाच-सात दिवस लागतात. रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग तेवढा थांबत नाही. आणि स्टेंट नवा असेल तर गोळी बंद करणंच धोक्याचं. कृपया ती स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नका.

गुडघ्याखाली पाय काढायचा होता. मांडीला टूर्निके बांधला, म्हणजे बीपीच्या पट्ट्यासारखाच, पण जास्त दाबाचा. एरवी आधी पायाला रबरी पट्टी गुंडाळून रक्त वर सारतात. पू झालेल्या पायात तसं केलं तर पूही वर जाईल, म्हणून आम्ही पाय नुसता काही मिनिटं उंच धरला. पट्टा फुगवला, छेद दिला, आणि रक्त नेहमीपेक्षा जास्तच यायला लागलं!

जुन्या मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचतं. अशी कडक नळी पट्ट्याने दबत नाही. शेजारच्या मऊ नीला मात्र दबतात. म्हणजे पायात रक्त येतंय आणि परत जायची वाट बंद. मी पट्टा सोडायला सांगितला. सिस्टरांनी पुन्हा विचारलं, "सर, सोडू?" सोडल्यावर रक्त कमी झालं.

पुढचं काम जुन्याच पद्धतीने केलं. आँब्र्वाझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने सोळाव्या शतकात तापल्या लोखंडाचा डाग देण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधायला सुरुवात केली, तेच. मोठी रोहिणी दोनदा बांधली, नीला वेगळ्या, बारीक वाहिन्यांना विजेचा चटका. कॅल्शियम भरलेली रोहिणी जास्त आवळली तर तडकते, म्हणून हात सांभाळून. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड अनेकांना देतो. इथे स्टेंट आणि किडनी पाहून भूलतज्ज्ञांनी आणि मी ते टाळलं.

एक पिशवी द्यावी लागली. दुसरी नाही, आणि ते बरंच झालं. अधू हृदयाला आणि किडनीला जादा रक्ताचाही भार होतो.

संध्याकाळी मी त्यांचा आधीचा एक्स-रे पुन्हा लावून बघितला. पोटरीच्या रोहिण्या रेल्वेच्या रुळांसारख्या पांढऱ्या, अगदी स्पष्ट. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही तो बघितला होता. नजर फक्त हाडावर होती.