हिवाळ्यातली राजधानी

नागपूरला थंडी पडू लागली, की बाजारात संत्री येतात आणि सिव्हिल लाइन्समध्ये सरकार येते. दोघांचाही मोसम ठरलेला. फरक इतकाच, की संत्र्यांचा मुक्काम जरा अधिक असतो.

महिनाभर आधीपासून रविभवन आणि नागभवन यांच्या भिंतींना रंगाचा हात फिरतो, आमदार निवासातल्या गाद्यांना ऊन दाखविले जाते, रस्त्यांवरचे खड्डे अंतर्धान पावतात. मग मुख्यमंत्री रामगिरीवर उतरतात, हैदराबाद हाऊसमध्ये त्यांची कचेरी थाटली जाते, आणि मुंबईचे कारकून तर्री पोह्यांच्या पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे अशा वेळी आम्हाला हमखास विचारतात, "एवढा खटाटोप कशासाठी हो? मुंबईत काय जागा नाही?"

जागा आहे, पण प्रश्न जागेचा नाही. नागपूर हे १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते. पुढे वऱ्हाड त्याला जोडला गेला. या शहराच्या विधानसभेचा संसार दुभाषी होता. १९३७ साली निवडून आलेल्या सभेत ११२ सभासद होते. कुणी जबलपूर-रायपूरकडचे हिंदी, कुणी अकोला-अमरावतीकडचे मराठी. स्वातंत्र्यानंतर पंडित रविशंकर शुक्लांच्या कारकिर्दीत, १९५० साली, हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना कायद्याने राजभाषेचा मान मिळाला. त्यासाठी लागणारी परिभाषा घडविण्याचे काम डॉ. रघुवीर याच शहरात करीत होते. त्यांच्या संस्कृतप्रचुर शब्दांची थट्टा पुष्कळ झाली. पण मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला वाटते, की दोन भाषांनी एकाच कचेरीत मांडीला मांडी लावून बसण्याचा तो प्रयोग थट्टेपेक्षा अधिक अभ्यासाच्या लायकीचा होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरची राजधानी गेली. शहराने मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून हे पद सोडले, असे म्हणणारे आहेत. ते सोडायला लावले, असे म्हणणारेही आहेत. फाजल अली आयोगाने तर १९५५ साली वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली होती. पण त्याआधीच, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदी पुढाऱ्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या होत्या. खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी, नोकऱ्यांत वाटा मिळावा, उच्च न्यायालयाचे पीठ नागपुरास राहावे, आणि शासनाने ठराविक काळ अधिकृतपणे नागपुरात मुक्काम हलवून विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दर वर्षी येथे भरवावे, असा तो शब्द होता. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षापासून विधिमंडळ नागपूरला येऊ लागले.

आता पाहुण्यांना मी युरोपची गोष्ट सांगतो. तिथल्या संसदेचे कारभारी तर दर महिन्याला बिऱ्हाड हलवितात! समित्यांचे काम ब्रुसेल्सला, सचिवालयाचा मोठा भाग लक्झेंबर्गला, आणि भर सभा स्ट्रासबर्गला. कागदपत्रांच्या पेट्या लॉरीत भरून ब्रुसेल्सहून निघतात आणि चार दिवसांनी परततात. सत्तावीस देशांचे ७२० सभासद, चोवीस भाषा. प्रत्येक भाषेतून दुसऱ्या प्रत्येक भाषेत म्हटले तर ५५२ प्रकारची भाषांतरे होतात. आपल्या जुन्या सभेचे दोन भाषांत भागत होते. जर्मनीचे ९६ सभासद तर इवल्याशा माल्टाचे सहा. म्हणजे लहानांना लोकसंख्येच्या मानाने झुकते माप. आणि गंमत अशी, की हे लोक देशवार बसत नाहीत, पक्षगटवार बसतात. गट बांधायचा तर निदान २३ सभासद हवेत आणि तेही निदान सात देशांतले. फ्रेंच समाजवादी जर्मन समाजवाद्याच्या शेजारी बसून फ्रेंच उजव्यांवर टीका करतो.

स्ट्रासबर्गच्या वारीला कंटाळलेले सभासद पुष्कळ आहेत. त्या संसदेने स्वतःच एका जागी राहण्याची इच्छा वारंवार बोलून दाखविली आहे. पण वर्षातून बारा बैठका स्ट्रासबर्गला, हे तहातच लिहिलेले. तह बदलायचा तर सर्व देशांचे एकमत हवे, आणि फ्रान्स ते देत नाही.

आमच्या करारात आकडा नाही. 'ठराविक काळ' म्हणजे किती, हे ठरवायचेच राहिले. आणि करार म्हणजे काही तह नव्हे, कायदाही नव्हे. तो पुढाऱ्यांचा शब्द. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे अधिवेशन मुंबईतच झाले. २०२४ साली ते १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांचे होते. आदल्या दिवशी नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, पण खाती वाटली गेली ती २१ तारखेला रात्री, अधिवेशनाचे सूप वाजल्यावर! प्रश्न विचारावा तर कोणत्या मंत्र्याला, अशी सहा दिवस स्थिती.

अधिवेशनाचा ऐवज म्हणजे प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना, सरकारच्या पुरवणी मागण्या आणि शेवटी विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव. आठवडाच एक असला तर पहिला तोच आणि अंतिमही तोच. त्यात विदर्भाच्या कापसाला, धानाला आणि सिंचनाच्या अनुशेषाला किती तास येणार? २०१८ साली हवापालट म्हणून पावसाळी अधिवेशन येथे घेतले, तर ६ जुलैला पावसाचे पाणी विधान भवनाच्या वीजयंत्रणेत शिरले आणि सभागृह अंधारात तहकूब झाले.

तरीही हे अधिवेशन बंद व्हावे असे म्हणणारा नागपूरकर मला भेटलेला नाही, आणि त्याचे कारण सभागृहाच्या बाहेर आहे. गडचिरोलीच्या अंगणवाडी सेविकेला मुंबई परवडत नाही. नागपूर एका रात्रीच्या एस.टी.त येते. यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात: शिक्षक, कोतवाल, विणकर, धरणग्रस्त. पोलिसांच्या बल्ल्यांपाशी ते अडतात, कुणी मंत्री निवेदन घेतो, कुणाचे निवेदन त्याचा सचिव घेतो.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी असाच गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आलेली ती गुराख्यांची माणसे संध्याकाळपर्यंत तिष्ठत राहिली. मग चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण दगावले, त्यांत बायका-मुले पुष्कळ. झिरो माइलच्या घोड्यांपासून जवळच, सीताबर्डीला, त्यांचे स्मारक आहे. दर वर्षी २३ नोव्हेंबरला गावोगावचे गोवारी तेथे येतात, फुले वाहतात. त्या सुमारास पलीकडच्या रस्त्यावर पुढच्या अधिवेशनासाठी बल्ल्या रोवण्याचे काम सुरू झालेले असते.