वळण पूर्ण येऊ दे

बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ते गावी गेलेले नाहीत. आमचं घर गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीच्या अंगाला. पुण्याहून सात-आठ तास पाय दुमडून बसणं त्यांना आता झेपत नाही. गणपतीत काका फोन लावून आरती ऐकवतात, बाबा इकडे हात जोडून बसतात. यंदा आरती संपल्यावर ते म्हणाले, "तू जाशील तेव्हा दाभोळवरून जा. खाडी ओलांडून जा." एवढंच. पण मला कळलं, त्यांना काय बघायचंय ते.

म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोटरसायकलला कॅमेरा लावून निघालो. चिपळूणमार्गे गेलो असतो तर एका दिवसात पोचलो असतो. मी ताम्हिणी उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरवलं. वाटेत दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, रात्री हर्णैला मुक्काम करायचा.

कॅमेरा तळहातात मावतो, पण तो कुठे लावायचा याचा निर्णय लहान नाही. आधी मी तो हँडलला क्लॅम्पने लावून खडकवासल्यापर्यंत फेरी मारली होती. घरी येऊन बघितलं तर रस्ता लहरत होता, विजेचे खांब पाण्यात बघावेत तसे वाकडे होत होते. गाडी ३५० सीसीची, एका सिलिंडरची. इंजिनाची थरथर सरळ हँडलमधून कॅमेऱ्यात जाते. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एका क्षणात टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. पहिली ओळ वाचताना कॅमेरा इथे आणि शेवटची वाचताना केसभर तिथे, म्हणून सरळ खांब वाकतो. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण चालू होतं, पण त्याने बाहेरचं जग स्थिर धरायचा प्रयत्न केला आणि चित्रातलं मीटर नाचायला लागलं.

शिवाय हँडलवरचा कॅमेरा हँडल वळेल तिकडे बघतो. घाटात चालवणारा तसं बघत नाही. गाडी वळायच्या आधी आपली मान वळते, नजर वळणाच्या पलीकडे जाऊन बसते आणि गाडी मागून येते. ते बघणं पकडायचं असेल तर कॅमेरा हनुवटीवरच हवा. हेल्मेटच्या डोक्यावर लावला तर वारा त्याला धरतो आणि तासाभरात मान भरून येते. छातीवर लावला तर हात, टाकी सगळं दिसतं, पण मान वळते ते दिसत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी रात्री ते काम केलं. हेल्मेटचा हनुवटीचा भाग स्पिरिटने पुसला, दोनदा. वाळू दिला. तिथला बाक असा आहे की सपाट तुकडा बसत नाही, म्हणून त्या हेल्मेटच्या आकाराचाच माउंट आणला होता. टेपचा कागद सोलला, हेअर ड्रायरने टेप किंचित ऊन केली आणि माउंट अंगठ्यांनी अर्धा मिनिट दाबून धरला. मग हेल्मेट तसंच कपाटावर ठेवून दिलं. ही टेप लावल्या लावल्या पूर्ण पकड घेत नाही, तिला निदान एक दिवस द्यावा लागतो. एक बारीक नायलॉनची दोरी माउंटपासून हेल्मेटच्या पट्ट्याला बांधली. मी पडलो तर टेप सुटावी, पण कॅमेरा मागच्या गाडीच्या चाकाखाली जाऊ नये. हेल्मेटला भोक पाडून स्क्रू मारणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. ज्या कवचावर डोक्याचा भरवसा आहे, त्याला छेद द्यायचा नाही.

आवाजासाठी छोटा माइक हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीमागे सरकवला आणि त्याला स्पंज गुंडाळला. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक साठच्या वेगाला फक्त वारा ऐकतो.

चांदणी चौकातून पहाटे साडेपाचला निघालो. पौड मागे पडलं तेव्हा उजाडलं होतं. मुळशी धरणाचं पाणी काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यावर धुकं होतं. या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. रस्ता मैलोन् मैल त्या पाण्याच्या कडेने जातो. मी गाडी थांबवून दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. कॅमेरा चालू होता, त्यात पाणी आणि माझा श्वास एवढंच आलंय.

ताम्हिणीत परतीच्या पावसाची सर आली. कॅमेऱ्याला पावसाचं भय नाही, पण काचेवर एक थेंब बसला आणि पुढची दोन वळणं त्या थेंबातून शूट झाली. ते मला घरी आल्यावर कळलं. गाडी चालू असताना कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे. थांबायचं, पाय टेकायचा, मग पुसायचं. दाट झाडीत अजून एक गोष्ट लक्षात आली. उन्हात चित्र फार करकरीत होऊ नये म्हणून मी काचेवर काळसर फिल्टर लावला होता. झाडीत अंधार झाला तशी कॅमेऱ्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, पानं पुसट झाली आणि त्यावर स्थिरीकरण चाललं, तेव्हा ती पुसटपणाची रेघ जागच्या जागी थरथरली. निव्याच्या पुढे फिल्टर काढून खिशात टाकला.

विळ्याला घाट संपतो. माणगावात मिसळ खाल्ली, बॅटरी बदलली. एक बॅटरी तासाभराच्या आसपास चालते. बाहेरून केबल लावून चार्ज करता येतं, पण त्यासाठी कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवावं लागतं आणि मग पाणी आत जातं. म्हणून तीन बॅटऱ्या जवळ ठेवल्या. म्हसळ्यावरून बागमांडल्याला पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडून निघालेली दिसत होती. सावित्रीची खाडी ही. बोटीवर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि सवयीने कॅमेराही बंद केला. वाटलं, रस्ता तर नाही, शूट काय करायचं? ही चूक मला पुढे फार लागली.

पलीकडच्या काठावरच्या वेसवीहून चढ, मग उतरून केळशी. तिथून आडे, पाडले, आंजर्ले हा रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की उजव्या कानात लाटा आणि डाव्या कानात माडाच्या झावळ्यांची सळसळ. माइकने दोन्ही टिपलं आहे. कडेच्या वाफ्यांत भात पिवळं झालं होतं, काही ठिकाणी कापणी सुरू होती. जोग नदीचा पूल ओलांडून हर्णैला आलो तेव्हा बंदरावर संध्याकाळचा लिलाव रंगात आला होता. मी हेल्मेट काढून हातात धरलं, कॅमेरा बंद केला आणि टोपलीशी बसलेल्या एका मावशींना विचारलं, "शूट केलं तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "मासळीचं कर हो बाबा, माझं नको." पापलेटं, सुरमई, बर्फ, बोली लावणारे हात, एवढंच घेतलं. हेल्मेटवरचा कॅमेरा चालू आहे हे समोरच्याला कळत नाही. म्हणून विचारायची जबाबदारी आपली.

दुसऱ्या दिवशी दापोलीवरून दाभोळ. उतार संपता संपता एकदम खाडी उघडते. काठावर विजापुरी धाटणीची जुनी मशीद, तिचा घुमट, पुढे धक्का, पलीकडे धोपावे. इथे २००३ साली गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली. लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. त्याआधी गाडी असेल तर चिपळूणचा वळसा, आणि पायी असेल तर होडी. बाबा शाळेच्या वयात होडीने दाभोळला यायचे.

या वेळी कॅमेरा बंद केला नाही. हेल्मेट काढून आरशावर असं अडकवलं की कॅमेरा बोटीच्या तोंडाकडे बघत राहील. साखळ्या खळखळल्या, फळी वर आली, इंजिन घरघरलं. बाजूला एक एसटीभर माणसांची गर्दी, दोन टेम्पो, एका टेम्पोत कोंबड्या. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि कॅमेरा आपलं काम करत राहिला.

घरी आलो तेव्हा माझ्याजवळ ५ तास ४० मिनिटांचं फूटेज होतं. फोर-के, सेकंदाला ३० फ्रेम, ६० मेगाबिटचा दर म्हणजे तासाला २७ जीबी. दीडशे जीबीच्या वर भरलं. कॅमेरा सलग शूट करत असला तरी फाइल चार जीबीला तोडतो, म्हणजे दर नऊ मिनिटांनी नवा तुकडा, आणि तो तुकडा नेमका कुठल्यातरी वळणाच्या मध्यात संपतो. ते जोडून घेण्यातच पहिली रात्र गेली. एवढ्या जड फाइली माझ्या लॅपटॉपला पेलत नाहीत. दाविंची रिझॉल्व्हमध्ये त्यांच्या हलक्या प्रती, प्रॉक्सी, बनवून घेतल्या आणि त्यावर काम केलं. शेवटी फाइल बाहेर काढताना मूळ चित्र वापरायचं.

रंगाचं एक सांगतो. कोकणातला हिरवा रंग थोडा चढवला की तो विषारी दिसतो. मी आधी हिरव्याला हात लावत नाही. कुठेतरी जांभ्याचा बांध किंवा चिऱ्याची भिंत शोधतो. ती भिंत माझ्या डोळ्यांना आठवते तशी लाल दिसायला लागली की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. त्यासाठी शूट करतानाच व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर बांधून ठेवला होता. तो कॅमेऱ्यावर सोडला तर झाडाखाली एक रंग आणि उन्हात दुसरा.

तीन आठवडे रात्री बसून आठ मिनिटांची फिल्म केली. संगीत लावलं. वळण आलं की कट, धबधबा आला की कट, समुद्र, मासळी, बोट. टीव्हीवर लावून बाबांना दाखवली. त्यांनी नीट पाहिली. संपल्यावर म्हणाले, "छान आहे. पण घाट कधी उतरलास ते कळलंच नाही. वळणात शिरलास की तू दुसरीकडेच निघतोस. वळण पूर्ण येऊ दे."

मी आणखी काही विचारायच्या आत त्यांनी विचारलं, "वेसवीचा धक्का कुठे आहे?" तो नव्हताच. मी कॅमेरा बंद केला होता.

सगळं पुन्हा उघडलं. वळणाचे तीन भाग असतात, हे गाडी चालवताना माझ्या हातांना ठाऊक होतं, एडिटिंग करताना मी विसरलो होतो. वेग कमी होतो, गिअर खाली येतो. मग गाडी कलते आणि नजर पलीकडे जाते. मग रस्ता सरळ होतो आणि मूठ पुन्हा पिळली जाते. कट घ्यायचा तो या तिसऱ्या भागानंतर, जिथे चालवणारा स्वतः श्वास सोडतो. हेल्मेटमधल्या माइकमुळे तो श्वास मला ऐकूही येत होता. मी आवाजाच्या पट्टीवर श्वास शोधून तिथे कट घेत गेलो. संगीत काढून टाकलं. गिअरचा खटका, पावसाची सर, आंजर्ल्याच्या लाटा, सगळे आवाज जिथले तिथे ठेवले. थेंबाची दोन वळणंही ठेवली, कारण त्या वेळी पाऊस होता.

अनोळखी माणसाला दाखवायची फिल्म आठ मिनिटांचीच असावी, हे मला अजूनही पटतं. त्याला रस्त्याची चव हवी असते. पण ज्याला तो रस्ता ठाऊक आहे, त्याला त्या रस्त्यावरून जायचं असतं. नवी फिल्म ४६ मिनिटांची झाली.

बाबा सोफ्यावर पाय लांब करून बसले होते. दाभोळ आलं तेव्हा उठून टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसले. साखळीचा आवाज आला, बोट सुटली. चित्रात फारसं काही घडत नाही. पाणी आहे, कोंबड्या ओरडतात, धोपाव्याची झाडी हळूहळू मोठी होते. बाबा बोलायला लागले. ओहोटीला होडी काठाला लागत नसे, गुडघाभर चिखलातून उतरावं लागे, दप्तर डोक्यावर. परीक्षेच्या दिवशी एकदा वारा उलटा फिरला होता. हे मी आजवर ऐकलेलं नव्हतं. बोट धक्क्याला लागली, फळी खाली पडली, गाड्या सुरू झाल्या, तेव्हा ते म्हणाले, "हं, आता चढ येईल." आणि चढ आला.

डिसेंबरात मी पुन्हा जातोय. बागमांडला ते वेसवी, या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत, न थांबवता शूट करायचं आहे. तेवढा तुकडा फिल्ममध्ये अजून रिकामा ठेवला आहे.